दहा वर्षांची आलिशान गाडी घेताना आपण नक्की काय विकत घेतो?

२०२५ च्या पावसाळ्यात आतेभावाने मला दोन गाड्यांचे फोटो पाठवले. दोन्ही २०१५ च्या, एकाच मॉडेलच्या, काळ्या रंगाच्या जर्मन डिझेल सेदान. पहिली दिल्ली पासिंग, ६२ हजार किलोमीटर चाललेली, साडेसात लाखांना. दुसरी एमएच १२, एक लाख १८ हजार किलोमीटर, पावणेदहा लाखांना, सोबत बिलांची जाडजूड फाइल. खाली एकच ओळ होती: "दादा, पहिलीच घेऊ ना? रनिंग कमी आहे आणि सव्वादोन लाख वाचतायत."

हा प्रश्न हल्ली पुण्यात बऱ्याच घरांत पडतो. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला मनाई करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. १ जुलै २०२५ पासून तर तिथे अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. नियम असे मागेपुढे होत राहतात, मालक मात्र वाट बघत बसत नाही. दहावं वर्ष भरायच्या आत तो गाडी काढून टाकतो, आणि ती ट्रकवर चढून आपल्याकडे येते. नव्या हॅचबॅकच्या पैशात चामड्याच्या सीट, सनरूफ आणि बॉनेटवर तो बिल्ला! मोह होणारच, आणि त्यात वाईट काही नाही. या गाड्या खरोखर सुंदर बनवलेल्या असतात. फक्त व्यवहार समजून करावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्वस्त होते ती गाडी, तिचे पार्ट नव्हेत

वर्षागणिक वस्तूची किंमत उतरते, तिला घसारा म्हणतात. आलिशान गाडीचा घसारा फार जोरात असतो. पहिला मालक वॉरंटी संपली की गाडी बदलतो, दुसऱ्याला खर्चाची धास्ती असते, म्हणून मागणी कमी आणि भाव खाली. नवी असताना चाळीस लाखांच्या आसपास असलेली गाडी दहा वर्षांत आठ-दहा लाखांवर येते.

आता सदाशिव पेठेतल्या वाड्याचा विचार करा. कुणी जुना वाडा स्वस्तात दिला, तरी छत उतरवायची वेळ आली की सागवान आजच्या भावानेच घ्यावं लागतं आणि सुतार आजचीच मजुरी मागतो. वाडा जुना आहे म्हणून लाकूड जुन्या दरात कुणी देत नाही. गाडीचंही तसंच. तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअब्सॉर्बर आजही चाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत. बरेचसे पार्ट परदेशातून येतात, त्यामुळे युरो चढला की त्यांचाही भाव चढतो.

शिवाय, या वयात गाडी विकायला काढणारा माणूस अनेकदा एखादं मोठं काम पुढ्यात दिसल्यावरच ती विकतो. त्या न केलेल्या कामाला मी तुंबलेला खर्च म्हणतो. गाडीची खरी किंमत म्हणजे सांगितलेला भाव अधिक तुंबलेला खर्च. पुढचं सगळं हा दुसरा आकडा कसा ओळखायचा याबद्दल आहे.

रनिंग कमी आहे, मग झीजही कमीच ना?

इंजिनाच्या पोलादाची झीज कमी असेल. पण दहा वर्षांच्या गाडीत आधी दम सोडतं ते रबर आणि प्लॅस्टिक, आणि त्यांना किलोमीटर कळत नाहीत. उन्हाळे कळतात. घरातल्या मिक्सरच्या भांड्याची रिंग वापरली नाही तरी काही वर्षांत कडक होते, तेच इथे होतं.

या गाड्यांत असं रबर किती असतं ते पाहा. साध्या छोट्या गाडीला पुढे दर बाजूला एक लोअर आर्म, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा दांडा, आणि मागे एक आडवा दांडा, त्याला दोन बुश. बुश म्हणजे दोन धातूंच्या मधे बसवलेली रबराची गादी. आलिशान गाडीला पुढे दर बाजूला दोन-तीन आर्म आणि मागे पाच-पाच. मागच्या चाकाला पाच दांड्यांनी धरायची ही रचना मर्सिडीजने १९८२ मध्ये आणली. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळणी सुरू झालेल्या ई-क्लासमध्येही तीच होती. खंबाटकीच्या वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटते ती या दांड्यांमुळे. पण प्रत्येक दांड्याच्या टोकाला बुश किंवा बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा गोळ्याचा सांधा, आहे, आणि प्रत्येकाचं वय तितकंच आहे. स्पीडब्रेकरवर पुढून कट-कट आवाज येतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित थरथरतं, टायर आतल्या कडेने खाल्ले जातात: तिन्हींचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

या कामातली एक बारीक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवा आर्म बसवताना त्याच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पक्के आवळायचे नसतात. चाकांवर वजन आल्यावर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला असतानाच आवळायचे. नाहीतर गाडी खाली उतरताच नवं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. गॅरेजवाल्याला कामाआधी हे विचारा. त्याला माहीत असेल तर माणूस कामाचा आहे.

कधी पार्ट अगदी किरकोळ असतो आणि मजुरी मोठी. मर्सिडीजच्या ओएम ६४२ या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत, अगदी तळाशी बसवलेला आहे. त्याच्या रबरी सील कडक झाल्या की ऑइल गळतं. सील स्वस्त आहेत, पण तिथे हात पोचायला टर्बो आणि वरचं सगळं उतरवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेनचं काम निघालं की आधी उतरवाउतरवीचेच दिवस मोजा. म्हणून "पार्ट केवढ्याला?" हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा: "तिथे पोचायला काय-काय खोलावं लागेल?"

कुलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, थोडक्यात. प्लॅस्टिकची टाकी आणि पाइपांचे सांधे आठ-दहा वर्षांत ठिसूळ होतात. त्यात बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी कधीही घालू नका. भांड्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच आत रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ठरलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही.

सकाळी गाडी बसलेली दिसली तर

माझ्याकडे २०१० सालची एक मोठी सेदान आहे. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी पार्किंगमध्ये उतरलो, तर तिची मागची डावी बाजू चाकावर टेकली होती. टायर आणि मडगार्डमध्ये बोटही जात नव्हतं. इंजिन चालू केल्यावर घुर्र असा आवाज आला आणि ती हळूहळू उठली, बसलेली म्हैस उठते तशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराची, हवा भरलेली पिशवी असते. गॅरेजात तिला बलून म्हणतात. एक छोटा कॉम्प्रेसर तिच्यात हवा भरतो आणि सेन्सर उंचीवर लक्ष ठेवतो. मी गाडी ज्या गॅरेजात नेली, तिथे कॉम्प्रेसर खराब आहे असं सांगून नवा बसवून दिला. सात महिन्यांत तोही जळला.

मग भोसरीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावायच्या आधी स्प्रेच्या बाटलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी घेतलं, चाक काढलं आणि बलूनवर सगळीकडे मारलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो, तसंच. रबर जिथे खालच्या बाजूला आत दुमडतं, त्या घडीत केसाएवढी चीर होती आणि तिथून बुडबुड्यांची ओळ सुटली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमच्या सोसायटीत पाण्याची मोटार सारखी जळायला लागली तर नवी मोटार आणाल, की नळ कुठे गळतोय ते बघाल?"

सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे. बलून गळतो, म्हणून कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, म्हणून तो जळतो. स्कॅनर फक्त जळालेल्या कॉम्प्रेसरचा कोड दाखवतो, गळणाऱ्या रबराचा नाही. आम्ही मागचे दोन्ही बलून जोडीने बदलले, कारण दुसरा पहिल्याच्याच वयाचा होता. जोडीला पुन्हा एक कॉम्प्रेसर, माझ्या खर्चाने.

बलून असलेली गाडी बघायला जाणार असाल तर ती रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही चाकांवरचं अंतर मोजा. आणि एक कळकळीची विनंती: अशा गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. हवा सुटली तर ती क्षणात खाली येते.

गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलायचं नसतं, असं सांगतात ते?

अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार या सगळ्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः सांगते की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, ऑइल बदला. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकावं असं माझं स्पष्ट मत आहे. कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत रांगणाऱ्या गाडीचं ऑइल किती तापत असेल याचा विचार करा.

हे काम इंजिन ऑइलसारखं नाही. झेडएफच्या अनेक गिअरबॉक्समध्ये खालचा प्लॅस्टिकचा ट्रे आणि फिल्टर एकच असतात, त्यामुळे ट्रेसकट बदलावं लागतं. आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान साधारण ३० ते ५० अंशांत असतानाच तपासायची असते, कारण गरम ऑइल फुगतं. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातात हे काम देऊ नका.

रोज चार किलोमीटर, तेही सिग्नलवर

डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली की गाडी आपोआप तापमान वाढवून आतली काजळी जाळते. पण त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालावं लागतं. कोथरूड ते डेक्कन आणि परत, एवढंच चालणाऱ्या गाडीत ही संधी कधी येतच नाही. जाळी तुंबते, गाडी ओढत नाही, दिवा लागतो. म्हणजे शहरात कमी चाललेली डिझेल गाडी महामार्गावर दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीपेक्षा आजारी असू शकते. घेतलीत तर पंधरा दिवसांतून एकदा तिला एक्सप्रेसवेला लोणावळ्यापर्यंत नेऊन आणा. माझ्या मते घरातला वापर फक्त शहरातला असेल तर पेट्रोल गाडी बघावी.

पेट्रोलवाल्यांची शंका वेगळी आहे: पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलचं काय? इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. जुन्या गाडीचे इंधनाचे पाइप आणि सील सर्व्हिसच्या वेळी डोळ्यांनी बघायला सांगा, आणि टाकीत जुनं पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका.

पाऊस, पाचोळा आणि गाडीतले संगणक

अशा गाडीत खिडक्या, सीट, दिवे, दारं, सगळ्यांसाठी वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्यांतले काही सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेले असतात. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात, समोरच्या काचेखालीही एक वाट असते. आपल्या रस्त्यांवर दुतर्फा असलेल्या रेन ट्री आणि गुलमोहरांची बारीक पानं नेमकी तिथे जाऊन बसतात. वाट बुजली की पाणी आत उतरतं, कार्पेटखाली साचतं आणि संगणक भिजतो. हा खर्च लाखाकडे जाऊ शकतो, आणि टाळायला मेमध्ये दहा मिनिटं पुरतात. सनरूफ उघडून कोपऱ्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते चाकाजवळून खाली पडताना दिसलं पाहिजे. गाडी बघायला गेलात तर पायाखालच्या कार्पेटवर तळहात दाबून पाहा आणि हाताचा वास घ्या.

एकाच वेळी चार-पाच दिवे लागले तर घाबरण्याआधी बॅटरी तपासा. बॅटरीचा दाब पडला की हे सगळे संगणक खोट्या तक्रारी करू लागतात. आणि काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूमध्ये, नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद स्कॅनरने गाडीत करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

मग शोरूमलाच जायचं का?

सॉफ्टवेअर, किल्ली आणि एअरबॅगची कामं असतील तर हो. बाकीच्या कामांना पर्याय आहे. गाडीची कंपनी स्वतः फारच थोडे पार्ट बनवते. सस्पेन्शनचे आर्म लेमफर्डरचे, शॉकअब्सॉर्बर साक्स किंवा बिल्स्टाइनचे, फिल्टर मान किंवा माहलेचे, सेन्सर बॉशचे असतात. तोच कारखाना तोच पार्ट स्वतःच्या खोक्यातही विकतो, आणि त्यावर बिल्ल्याचे पैसे नसतात. नाना पेठेत असे पार्ट मागवून देणारे दुकानदार आहेत. मॉडेलच्या नावावर मागणी देऊ नका, चॅसिस नंबर द्या. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे ब्रेक असू शकतात.

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरमध्ये मात्र नाव नसलेला पार्ट घेऊ नका. दोन टनांच्या आसपासची गाडी आहे, आणि तिच्यात आपली माणसं बसणार आहेत.

कागद आणि विमा

दिल्लीची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. हा कर विक्रेत्याने सांगितलेल्या भावात सहसा नसतो. पंधरा वर्षं झाली की तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतो, म्हणजे २०१५ च्या गाडीला २०३० मध्ये.

विम्याचं गणित कुणी नीट सांगत नाही. पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, समजा आठ लाख आहे. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे सहा लाखांवर गेला, की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. समोरून बऱ्यापैकी धडक बसली, दोन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट आणि एअरबॅग गेल्या, की या गाड्यांत सहा लाख सहज होतात. शिवाय नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर निम्मी वजावट असते, आणि गाडीने दहा वर्षं ओलांडली की धातूच्या पार्टवरही निम्मी. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे ही वजावट न करणारी पॉलिसी, या वयाला बहुधा मिळत नाही. थोडक्यात, विमा असूनही अपघातात खिशातून मोठी रक्कम जाईल हे धरूनच चाला.

आतेभावाची गाडी

आम्ही दोन्ही गाड्या एकाच शनिवारी भोसरीच्या त्याच मिस्त्रींच्या लिफ्टवर चढवल्या. दिल्लीवाल्या गाडीचे ६२ हजार खरे होते. स्कॅनरने किल्लीच्या संगणकातला आकडा काढून बघितला, तोही जुळला. पण टायरवरचा शिक्का ३५१५ होता, म्हणजे २०१५ चा पस्तिसावा आठवडा, टायर पहिलेच. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलल्याची नोंद नाही. पुढच्या आर्मच्या बुशमध्ये नख घालता येईल एवढ्या भेगा. कुलंटची टाकी पिवळी पडून तडकायला आलेली. मिस्त्रींनी कागदावर मांडलेला हिशोब दोन लाख साठ हजारांवर गेला, आणि रस्ता कर त्यात नव्हता.

दुसऱ्या गाडीची फाइल आम्ही बोनेटवर पसरून वाचली. ९२ हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं ऑइल ट्रेसकट, १ लाख ४ हजार किलोमीटरला पुढचे आर्म, २०२३ मध्ये बॅटरी, गेल्या दिवाळीआधी चार टायर. मागचे ब्रेक पॅड संपत आले होते आणि ऑइल फिल्टरच्या सांध्याला थोडा ओलावा होता. "हे सगळं याने आधीच भरलंय," आतेभाऊ म्हणाला आणि बिलांची बेरीज करायला लागला. मी त्याला एवढंच सांगितलं की पैसे देताना दीड लाख बाजूला ठेव आणि पहिलं वर्ष त्याला हात लावू नकोस. तेवढे उरत नसतील तर ही गाडीही आपली नाही.

त्याने एमएच १२ घेतली. फाइलच्या शेवटच्या कप्प्यात आता त्याच्या नावाची दोन बिलं आहेत. एक मागच्या ब्रेक पॅडचं आणि एक ब्रेक ऑइलचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि फाइलमध्ये तेवढंच एक काम राहून गेलेलं त्याला स्वतःला सापडलं.